झीज

इंधनाची नळी बंद केली तरी इंजिन थांबेना, तेव्हा केतकी मगदूमला आधी वाटलं, कुठंतरी झडप गळते आहे.

कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या मेघवर्ण मोटर्सच्या कारखान्यात ती चाचणी विभागाची प्रमुख होती. इंजिनं चालवायची, दमवायची, मोडेपर्यंत पळवायची आणि मग ती नेमकी कुठं मोडली ते सांगायचं, हे तिचं काम. इंधन तोडल्यावर इंजिन कसं वागतं हे तिला पाठ होतं. दोन-चार आचके देतं, घरघरतं आणि गप्प होतं. हे मात्र फिरतच होतं. तिनं नळीच सोडवून बादलीत धरली. एक थेंबही पडला नाही. जाड काचेपलीकडं इंजिनाचं जड चाक गरगरत होतं, आणि आवाज म्हणावा तर नुसता वाऱ्याचा.

विभागातली माणसं एकेक करून काचेजवळ येऊन उभी राहिली. चहा आला, कपातच निवला, त्यावर साय धरली, तरी चाक फिरत होतं. शेवटी केव्हातरी ते मंदावलं आणि चालता चालता एखादा माणूस विचारात पडून उभा राहावा, तसं थांबलं.

केतकीनं चाकाला हात लावून पाहिला.

त्या काळात शहरांतल्या मोटारी विजेवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर धूर दिसेनासा झाला होता. पण घाट चढणारे मालट्रक, शेतातले ट्रॅक्टर, समुद्रातल्या मच्छीमार बोटी अजून इंजिनावरच चालत, आणि उसाच्या मळीपासून काढलेलं इथेनॉल हे त्यांचं इंधन होतं. अशा इंजिनांसाठी सरकारनं नवा नियम केला. ठरलेल्या मुदतीनंतर, तेवढ्याच इंधनात आजच्या दीडपट अंतर कापणारं इंजिनच विकता येणार होतं. मेघवर्णचं एकही इंजिन त्या कसोटीच्या जवळपास नव्हतं. पुण्याच्या मुख्य कचेरीनं स्पष्ट कळवलं होतं, नवं इंजिन जमलं नाही तर कागलचा कारखाना बंद.

कारखान्यावर गावाचं निम्मं जगणं अवलंबून होतं. केतकीचं तर सगळंच. कामगार संघटनेचे अध्यक्ष बाहुबली उपाध्ये हे तिचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. वडील गेले तेव्हा केतकी शाळेत होती. आक्का आणि दाजींनी तिला आपल्या घरी आणलं, वाढवलं, इंजिनिअर केलं. दाजी पिस्टनच्या कड्या बनवणाऱ्या विभागात मुख्य कारागीर होते. पिस्टन आणि त्याभोवतीचं नळकांडं यांच्यामधली फट बुजवणारी ही पोलादी कडी. इंजिनात सगळ्यात आधी झिजते ती तीच. हिच्या झिजण्यावर आपलं घर उभं आहे, असं दाजी हसत हसत म्हणत.

नवं इंजिन ज्यांच्या शोधावर बेतलेलं होतं, ते डॉक्टर निखिलेश तांबट पुण्याच्या एका विद्यापीठात पृष्ठभागांचं विज्ञान शिकवत. त्या दिवशीचा प्रकार ऐकून ते दुसऱ्याच दिवशी कागलला आले. इंधनाशिवाय इंजिन चालतं, अशी अफवा तोवर कारखानाभर पसरली होती. तांबटांनी आवारात सगळ्यांना जमवलं आणि भंगारातून पन्हळी पत्र्याचे दोन तुकडे मागवले.

एका पत्र्यावर दुसरा ठेवला तेव्हा वरच्याच्या वळ्या खालच्याच्या खाचांत बसल्या. ते दाजींना म्हणाले, ढकला. दाजींनी जोर लावला, पण पत्रा जागचा हलला नाही. मग तांबटांनी वरचा पत्रा तिरका फिरवून ठेवला. आता वळ्यांना खाचाच सापडेनात. पत्रा वरच्यावर राहिला आणि दाजींच्या एका बोटानं सुळकन सरकला.

तांबटांनी मग समजावून सांगितलं. एकमेकांवर घासणाऱ्या वस्तूंचं थोडंफार असंच असतं. अणूंच्या ओळी एकमेकींत अडकतात, आणि त्या सोडवायला जो जोर लागतो, त्यातला पुष्कळसा म्हणजे घर्षण. कार्बनचा एका अणूइतका जाड थर मधमाशांच्या पोळ्यासारखा असतो. असे दोन थर एकमेकांवर तिरके ठेवले की घर्षण जवळजवळ नाहीसं होतं, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. पण ते सुईच्या टोकाएवढ्या जागेत. जागा मोठी झाली की थर कुठंतरी फाटतो, धुळीचा कण शिरतो, सगळं बिनसतं. जगभरची माणसं हा थर मजबूत करायच्या मागं लागली होती. तांबटांनी तो नाद सोडला. फाटू दे, पण फाटला की कातडीसारखा भरून आला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. धातूच्या पाठीवर त्यांनी निकेल आणि तांब्याचे अतिसूक्ष्म कण एका विशिष्ट रचनेत पेरले. थर जिथं फाटे तिथं हे कण उघडे पडत, इंधनाच्या वाफेतून कार्बनचे अणू ओढून घेत आणि ते नेमक्या तिरक्या कोनात विणून टाकत. जी काजळी होऊन वाया जायची, तिच्यातलाच एक अंश थर सांधायच्या कामी येई.

“म्हणजे चालण्यानं इंजिन झिजत नाही,” तांबट म्हणाले. “चालण्यानंच ते बरं होतं.”

घर्षण गेलं म्हणून ऑइल गेलं. ऑइल जळू नये म्हणून इंजिन थंड ठेवावं लागतं, आणि थंड ठेवायचं म्हणजे विकत घेतलेल्या इंधनातली उष्णता रेडिएटरमधून हवेत फेकून द्यायची. ऑइलच नाही म्हटल्यावर तीही गरज उरली नाही. वाया जाणारी आग कामाला लागली. अपेक्षा दीडपटीची होती. मिळालं दुपटीहून जास्त. हे काही अखंड फिरणारं जादूचं यंत्र नव्हतं, इंधन त्याला लागतच होतं. मात्र इंधन तोडल्यावर त्याला थांबवायला आता हवेखेरीज फारसं कुणी उरलं नव्हतं.

कारखान्यातल्या माणसांनी त्या थराला नाव ठेवलं, साय. काढली तरी पुन्हा धरते म्हणून. त्या दिवशी कागलात पेढे वाटले गेले. दाजींनी केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगीनं कारखाना वाचवला, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

पुढं टिकाऊपणाची चाचणी सुरू झाली. महिनोन् महिने, दिवसरात्र, पृथ्वीला कित्येक फेऱ्या होतील इतकं ते इंजिन केतकीनं पळवलं. पूर्ण भार देऊन, रेताड धूळ खायला घालून, मध्येच गार करून, पुन्हा तापवून. मग एका सकाळी ते उघडायचं ठरलं. दाजी मुद्दाम आले होते.

इतकं चाललेलं इंजिन उघडणं म्हणजे खरं तर किळसवाणं काम. काळं चिकट ऑइल, जळका वास, धातूचा चुरा. या खेपेला झाकण वर उचललं आणि खोलीतली माणसं आपोआप पुढं झुकली. आत सगळं कोरडं होतं. नळकांड्याची आतली बाजू रात्रीच्या विहिरीसारखी काळी आणि नितळ चमकत होती. केतकीनं वाकून पाहिलं तर तिला आपला चेहरा दिसला, भुवयांचे केसही मोजता यावेत इतका स्वच्छ. मापं घेतली. झीज शून्य. तिनं उपकरण बदललं, पुन्हा घेतली. तीच. उलट पहिल्या दिवशी राहिलेले बारीक ओरखडे आता गायब होते.

तिला एकदम जैन बस्तीच्या गाभाऱ्यात आल्यासारखं वाटलं. आयुष्यभर तिनं यंत्रं मरताना पाहिली होती. आज पहिल्यांदा एक असं दिसत होतं, ज्याच्या अंगाला काळ लागलाच नव्हता.

दाजी बराच वेळ वाकून पाहत राहिले. कडीच्या जागी त्यांनी बोट फिरवलं. तिथं कडी नव्हतीच. घर्षणच नसल्यानं पिस्टन नळकांड्यात इतका घट्ट बसवता येई की फट बुजवायला कडी लागत नव्हती. ऑइलचा पंप नव्हता, रेडिएटर नव्हता. ते सरळ झाले आणि हळू आवाजात म्हणाले, “केतकी, हे बिघडणार कधी?”

“माहीत नाही, दाजी.”

“मग आपण दुसरं बनवायचं कधी?”

तोवर तिनं हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

पुण्याच्या कचेरीनं तो विचारला होता. पंधरवड्यात संचालिका वृंदा सरदेशमुख कागलला आल्या. त्यांनी केतकीला आणि दाजींना एकत्र बसवून घेतलं आणि आडपडदा न ठेवता हिशेब मांडला. जुनी इंजिनं झिजतात म्हणून नवी खपतात. न झिजणारं इंजिन एकदा सगळ्यांना मिळालं की बाजार संपला. शिवाय त्याला निम्मे भागच लागत नाहीत, म्हणजे कागलचे निम्मे विभाग आजच बिनकामाचे. शेजारच्या राज्यात यंत्रमानवांवर चालणारा आपला कारखाना आहे, तिथं ते सहज बनेल.

पण एक वाट होती. सायीखालच्या कणांत गंधकाचा अगदी किंचित अंश मिसळला तर निकेल हळूहळू निकामी होतं. साय काही वर्षं धरते, मग धरायची बंद होते, आणि पुढं इंजिन चारचौघांसारखं झिजतं. मायलेज नियमात बसतं. कड्या लागतात, ऑइल लागतं, सुटे भाग लागतात, आणि कागल चालू राहतं. बाईंना केतकीकडून एवढंच हवं होतं की, गंधक नेमका किती घातला म्हणजे साय नेमकी किती टिकेल, ते तिनं शोधून द्यावं.

केतकीनं विचारलं, लोकांना हे सांगायचं का. बाई शांतपणे म्हणाल्या की, कुठलंही यंत्र झिजतं हे लोक जन्मापासून गृहीत धरून चालतात. त्यात सांगण्यासारखं काय आहे? त्या काही दुष्ट नव्हत्या. बोलताना त्यांची नजर खिडकीबाहेर, पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या माणसांवर होती.

दाजींनी तिथल्या तिथं होकार दिला. केतकीकडं त्यांनी पाहिलंही नाही. आपली पोरगी नाही म्हणेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

आणि ती नाही म्हणालीही नाही. ज्या माणसानं स्वतःच्या अंगावर नवा शर्ट न घेता आपली फी भरली, त्याला नाही कसं म्हणायचं? ती कामाला लागली. काम अवघड नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. सूक्ष्मदर्शकाखाली ती रोज पाही. निरोगी सायीत ओरखडा उठला तर बघता बघता त्याच्या दोन्ही काठांवरून अणूंच्या जाळ्या पुढं सरकत, मध्यभागी भेटत, आणि जखम कुठं होती ते ओळखूही येत नसे. गंधक घातलेल्या सायीत त्या जाळ्या पुढं निघत, अडखळत आणि अर्ध्या वाटेत थांबत. फट तशीच राहायची. दुसऱ्या दिवशी ती रुंद झालेली असायची.

घरी जेवताना ती बोलेनाशी झाली. दाजीही बोलत नसत. आक्का दोघांची ताटं वाढी आणि एकदाच म्हणाली, “स्वतःच्या घरात पाहुण्यावाणी काय जेवायलीस गं तू?” केतकीनं घास गिळला आणि ताट बाजूला सरकवलं.

शेवटी प्रमाण सापडलं. तिनं ते पुण्याला कळवलं नाही. दाजींना म्हणाली, तुम्ही एकदा येऊन दोन्ही इंजिनं बघा. मग तुम्ही म्हणाल तर आजच पाठवते.

दोन खोल्यांत दोन इंजिनं शेजारी शेजारी चालत होती. तिनं दोन्हीवर पुढच्या कित्येक वर्षांचं चालणं घाईनं लादलं होतं. पहिल्या खोलीत दाजी उभे राहिले. इंजिन पूर्ण भार ओढत होतं आणि तरी आवाज इतका कमी की दाजींना आपला श्वास ऐकू येत होता. मग ते दुसऱ्या खोलीत गेले. दारातच थबकले. आत बारीक किरकिर होती. धातूवर धातूची, नुकती सुरू झालेली. बाहेरच्या माणसाला ऐकूही आली नसती. दाजींनी उभा जन्म त्या आवाजाशी झगडण्यात काढला होता.

त्यांनी दार ओढून घेतलं. मग दोन खोल्यांच्या मधल्या बाकावर येऊन बसले.

“आजपर्यंत झीज देवानं दिलेली होती,” ते म्हणाले. “मी तिच्याशी भांडत आलो आणि त्यावर पोट भरलं. त्यात मला कधी लाज वाटली नाही. ही झीज आपण घालणार.”

केतकी त्यांच्या शेजारी बाकावर बसली.

“पाठवू नकोस.”

“मी नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी हे प्रमाण शोधेल, दाजी. अवघड नाही ते.”

“मग ते मी आधीच सगळ्यांना सांगून टाकतो. एकदा कळलं की असलं इंजिन कोण घेणार?”

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना दाजींनी फाटकाशी सभा घेतली. झेंड्याच्या कट्ट्यावर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. पूर्ण इंजिन काय करू शकतं, बिघडवलेलं काय करेल, कंपनी काय म्हणते, आपण आधी हो कसं म्हणालो आणि आता नाही का म्हणतो. ते चांगले वक्ते नव्हते. दोनदा अडखळले. आपल्या मुलाबाळांना आपण काय बनवत होतो ते सांगता आलं पाहिजे, एवढंच शेवटी म्हणाले.

मग गर्दीतून एक चप्पल आली आणि कट्ट्यावर आदळली. भट्टीवरचे शौकत मुल्ला, दाजींचे शाळेपासूनचे सोबती, पुढं आले. ते ओरडले नाहीत.

“तू देवाला जाब दिलास, बाहुबली,” ते म्हणाले. “आमच्या घरी कोण देणार?”

बातमी फुटली, गाजली. सरदेशमुख बाईंनी गंधकाचा विचार सोडला. दुसरा इलाजच नव्हता. पूर्ण इंजिन शेजारच्या राज्यात बनू लागलं आणि कागलच्या फाटकावर बंदची नोटीस लागली. संघटनेनं दाजींना अध्यक्षपदावरून काढलं. दुकानदार बोलेनासे झाले. आक्काच्या हळदीकुंकवाला शेजारचं एकही घर आलं नाही. तिनं वाण उचलून ठेवलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत येण्याचं तांबटांचं बोलावणं केतकीला आलं होतं. ती गेली नाही. दाजींना एकटं टाकून जाणं तिला जमेना. रिकाम्या चाचणी विभागात जाऊन ती उरलीसुरली उपकरणं पुसत बसे.

तिथंच एका दुपारी शौकत मुल्ला आले. सभेनंतर ते या घराशी एक शब्द बोलले नव्हते. त्यांच्या भावाच्या जुन्या मालट्रकचं इंजिन त्यांनी टेम्पोत घालून आणलं होतं. नवं इंजिन घ्यायची भावाची ऐपत नव्हती.

“ह्याच्यावर धरंल काय तुमची ती साय?” त्यांनी विचारलं.

केतकीनं आजवर असा विचार केला नव्हता. कंपनीनंही केला नव्हता. तांबटांना फोन लावला तेव्हा कळलं की विद्यापीठानं कंपनीला हक्क दिले होते ते फक्त नव्या इंजिनांचे. जुन्यांची कुणाला आठवणच झाली नव्हती. जुनं इंजिन म्हणजे प्रत्येकाचं दुखणं वेगळं. कुणाचं नळकांडं वाकडं, कुणाचा दांडा झिजलेला. यंत्रमानव तिथं गोंधळतात. आधी माणसानं ते हातानं सरळ करायचं, मग कण पेरायचे. कागलात असे हात शेकड्यानं रिकामे बसले होते.

शौकतभाईंच्या भावाचं इंजिन सुरू झालं त्या दिवशी पाच-पन्नास माणसं जमली. धूर आला नाही. घरघर आली नाही. ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा टायरखालची खडी तेवढी वाजली. दाजी दूर उभे होते. शौकतभाई चालत त्यांच्याकडं गेले आणि शेजारी उभे राहिले.

कोल्हापूरच्या मातीत सहकार लवकर रुजतो. कामगारांची सहकारी संस्था झाली, बंद पडलेल्या कारखान्याच्या दोन शेड तिनं भाड्यानं घेतल्या. सगळे आले नाहीत. कित्येक आधीच गाव सोडून गेले होते, आणि काहींनी दाजींना अखेरपर्यंत माफ केलं नाही. पण जे आले त्यांनी आसपासचा मुलूख बदललेला पाहिला. मालवणच्या बोटींची, निपाणीच्या ट्रॅक्टरांची, गुऱ्हाळांची, कोकणातल्या भातगिरण्यांची इंजिनं आली. आली ती खोकत, काळं ओकत. गेली ती निःशब्द. इंधन निम्म्यानं कमी लागू लागलं. इथेनॉलचा उठाव घटला म्हणून साखर कारखान्यांनी आधी आरडाओरडा केला, मग काही शेतकऱ्यांनी ऊस कमी करून भुईमूग घेतला आणि नदीत उन्हाळ्यातही पाणी दिसू लागलं. नदीकाठच्या गावांत पहाटे पाणी खेचणाऱ्या इंजिनांची धडधड असे. ती एकेका गावातून नाहीशी होत गेली. तिच्याखाली इतकी वर्षं बगळ्यांचा, पाण्याचा, दूरच्या माणसांच्या बोलण्याचा आवाज दडलेला होता, हे लोकांना तेव्हा कळलं.

एक गोष्ट मात्र संस्थेतल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. साय धरलेलं इंजिन परत येत नाही. प्रत्येक इंजिनाबरोबर त्यांचं काम एकानं कमी होत होतं. नवी माणसं त्यांनी घेतलीच नाहीत. जे निवृत्त झाले त्यांची जागा रिकामी ठेवली. आपलाच शेवट ठरवून, त्याच्या दिशेनं रोज सकाळी डबा घेऊन निघणारा असा कारखाना कुणी पाहिला नव्हता. केतकीला कधी कधी वाटे, यात दुःख का नाही? मग झाकण बसवण्याआधी तो काळा नितळ पृष्ठभाग दिसे आणि ती प्रश्न विसरे. इतकी इंजिनं पाहूनही तिला त्याची सवय झाली नाही.

शेवटचं इंजिन आलं तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते आणि दाजी काठी घेऊन चालत होते. गगनबावड्याच्या बाजूला डोंगरात एका वाडीत पिठाची गिरणी होती. तिचं इंजिन इतकं जुनं की बनवणाऱ्याचं नाव असलेली पितळी पट्टी घासून कोरी झाली होती. त्याच्या मालकीणबाई हौसाबाई पाटील. इंजिन दुरुस्त होऊन तयार झालं तेव्हा दाजी म्हणाले, हे आपण स्वतः बसवून येऊ. शौकतभाईंच्या भावाच्या ट्रकमधून शौकतभाई, दाजी आणि केतकी अशी तिघं गेली.

इंजिन बसवायला दुपार झाली. वाडीतली माणसं धान्याचे डबे घेऊन दाराशी येऊन थांबली होती. केतकीनं इंधन सोडलं आणि चाकाला हात दिला. चाक फिरलं, फिरत राहिलं. हौसाबाई कान टवकारून उभ्या होत्या.

“चालू कवा करताय?” त्यांनी विचारलं.

“चालूच आहे, मावशी,” दाजी म्हणाले.

म्हातारीचा विश्वास बसेना. पट्टा चढवला, जातं फिरू लागलं. तिनं स्वतः नाचणीचं माप वर ओतलं आणि खाली हात धरला. कोमट, लालसर पीठ तिच्या ओंजळीत पडू लागलं. ती एकदा पिठाकडं आणि एकदा इंजिनाकडं बघत राहिली. मग दाजींकडं वळली.

“ग्यारंटी किती वर्सांची?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न हजारदा आला असेल आणि दर वेळी ते ‘काळजी करू नका’ म्हणत आले होते. आज त्यांनी केतकीकडं पाहिलं. ती खरं सांगेल म्हणून.

“आम्हाला मोजता आलं नाही, मावशी,” केतकी म्हणाली. “आम्ही पुष्कळ मोजून बघितलं.”

हौसाबाईंनी ते ऐकून घेतलं. ओंजळ डब्यात रिकामी केली, हात पदराला पुसले आणि दाराबाहेरच्या बायकांना म्हणाल्या, या, घेऊन या आपापलं. एकेक डबा आत येऊ लागला. दाजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, शौकतभाई त्यांच्या शेजारी, आणि कुणालाच निघायची घाई नव्हती.